किवीचं जोतं

उशिरा पिकणारा भारी धान पिवळा पडायला लागला की आमच्या गावात दोन आवाज सुरू होतात. एक येतो बांधीतून, भाताच्या खाचरातून. कोणीतरी धुऱ्याच्या बांधावर उभं राहून तेलाचा रिकामा डबा बडवतं आणि "हुर्रऽऽ हाऽऽ" असा हाकारा घालून लोंब्यांवर उतरलेले पोपट उडवतं. दुसरा आवाज मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, भोंग्याचा. दिवाळी सरली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दुकानं लागतात, दंडार नाचते, लेकी-जावई येतात, घराघरात पाहुणे. यंदाही दोन्ही आवाज सुरू झालेत. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते आणि बांधीत डबा वाजला, तशी माझी डाव्या हाताची मूठ आपोआप आवळली गेली. मागच्या वर्षी याच दिवसांत त्या मनगटाला एक दोरी असायची आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोपट.

त्या दिवसांचं काय आठवतं असं कोणी विचारलं तर मी आधी सांगेन, मी जळत होते. मत्सर, असूया हे शब्द पुस्तकात शोभतात. आमच्याकडे सरळ म्हणतात, "जळून राहिली." ते बरोबरही आहे. वरून सगळं ठीक दिसतं, झाकणाखालून छान वाफ येत असते आणि तळाला भात लागत असतो. वास घरभर पसरतो तेव्हा कुठे आपल्याला कळतं.

जळत होते मी माझ्या थोरल्या जाऊबाईंवर. मी त्यांना 'बाई' म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी तसंच शिकवलं होतं आणि आमच्या घरात बाई म्हणजे त्या एकट्याच. बाकी कोणाला बाई म्हणायची सोयच नाही. वाटणी झाली तेव्हा अंगणात कमरेएवढी भिंत घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे त्या. ये-जा करायला मधे माणूसभर फट ठेवली, तिला दार कधी लागलं नाही. थोरले दीर गेल्यापासून बाई पलीकडे एकट्या असतात. मूलबाळ नाही. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. अशा माणसावर जळायचं म्हणजे फार पंचाईत होते, कारण भांडायला त्या काही कारणच देत नाहीत.

पोपट माझ्या मुलीचा होता. प्राची एकुलती, पुण्याला नोकरी करते. तिनं तो तिथंच घेतला. परदेशी जातीचा, रीतसर कागदपत्रांचा, पाठ हिरवी आणि छाती राखाडी. आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे हे मला तिनंच सांगितलं आणि मग मी ते गावात दिसेल त्याला सांगत सुटले. कारण जो येई तो पिंजऱ्याकडे पाहून आधी म्हणे, "वनखात्यावाला आला मंजे समजन तुमाले." उन्हाळ्यात तिला कंपनीनं काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं, तेव्हा तिनं पिंजरा आणून आमच्या ओसरीवर ठेवला. नाव म्हणे किवी.

"कीव?" प्राचीचे बाबा म्हणाले. "कीव काऊन? चांगला तं दिसते."

या माणसाची मला मजा वाटायची. दिवसभर बांधीत उभं राहून पोपटांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि घरी आल्यावर त्यांच्याच भाऊबंदाला आपल्या ताटातला भात भरवायचा. पण ह्यांचं सोडा. ह्यांच्यावर मी जळले नाही. नवऱ्यावर जळण्याचं वय निघून गेलं.

किवीचं सगळं मी करायची. सकाळी पिंजरा धुवायचा, पाणी बदलायचं, पेरू चिरायचा, त्यातल्या बिया काढायच्या नाहीत कारण साहेबांना बियाच आवडायच्या. ओसरीला ह्यांनी जाळी ठोकून घेतली, म्हणजे त्याला आतल्या आत मोकळं सोडता यावं. मी त्याच्याशी बोलायची, गाणी म्हणायची, शीळ घालायची. या वयात बाईमाणसानं शीळ घालणं बरं दिसत नाही, तरी घालायची. तो पिंजऱ्याच्या दांडीवर बसून एका डोळ्यानं माझ्याकडे असा पाहायचा, जसा दुकानदार फुकट माल विचारणाऱ्याकडे पाहतो.

बाई काहीच करायच्या नाहीत. फटीतून येऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायच्या, मांडीवर सुपात भाजी घेऊन निवडत राहायच्या. त्याला हाक नाही, त्याच्याकडे बघणं नाही. आणि हा जाळीवरून, खांबावरून, खाटेच्या पायावरून सरकत सरकत त्यांच्याकडे जायचा आणि खांद्यावर चढून त्यांच्या कानातल्या खड्याशी खेळत बसायचा. बाई मान जरा कलती करायच्या, बस्स. त्यांना खोकल्याची जुनी सवय आहे, दोनदा कोरडा खोकतात आणि मग घसा साफ करतात. किवीनं आमच्या घरात पहिला आवाज उचलला तो हा. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं बाई आल्या. बाहेर येऊन पाहते तो ओसरीवर कोणी नाही आणि पिंजऱ्यात हा खोकतोय, अगदी घसा साफ करण्यासकट.

माझी गाणी वाऱ्यावर गेली. माझी शीळ गेली. उचलला तो खोकला!

हे नवीन असतं तर मी हसले असते. पण मला यातलं सगळं ओळखीचं होतं. प्राची लहान होती तेव्हाही असंच. दूध माझं प्यायची आणि झोपायला हिला मोठाईची मांडी लागायची. बाईंना ती मोठाई म्हणते. मी थोपटून थोपटून हात दुखवून घ्यायची, ती डोळे टक्क उघडे ठेवून रडायची. मग बाई यायच्या, काही न बोलता तिला घ्यायच्या आणि हिचे डोळे मिटायचे. आई हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तोही बाईंकडे बघून. सासूबाई कौतुकानं हसल्या, आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसले. ते हसू अजून माझ्या गालांना आठवतं. जे जे मी वाढवते ते ते भिंतीच्या पलीकडे जातं, असं माझ्या मनानं त्या दिवशी ठरवलं आणि मनाला एकदा असं काही सापडलं की ते पुरावे गोळा करत राहतं. बाईंच्या अंगणातल्या आंब्याला माझ्या आंब्यापेक्षा जास्त मोहोर आला तरी मी तो मोजायची.

पोळ्याच्या सुमाराला प्राचीचा फोन आला.

"आई, मी दिवाळीला येतेय. तोवर किवीला हार्नेस घालायची सवय लाव ना. मी पार्सल पाठवलंय."

"ते आणखी काय असतं?"

"छोटे पट्टे असतात गं. डोक्यातून आणि पंखांखालून जातात, मागे लांब दोरी. म्हणजे त्याला टेकडीवर, बागेत बाहेर नेता येईल. मी आता परत पुण्याला राहणार, पण दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडून ठेवायचं माझ्या जिवावर येतं. तो शिकला तर नेईन. नाही शिकला तर राहू दे तिथंच. नाहीतरी त्याला मोठाईचा लळा आहेच."

ती सहज बोलली. पण माझ्या तळाला भात लागला. नाही शिकला तर मोठाईचा! पिंजरा माझ्या ओसरीवर, पेरू माझ्या झाडाचे, चावे माझ्या बोटांना आणि पोपट मोठाईचा. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं. हा पोपट शिकणार. माझ्या हातून शिकणार आणि पुण्याला जाणार. पुण्याला गेला तर जाऊ दे, पण भिंतीपलीकडे नाही.

पार्सलवाल्याचा गोंदियाहून फोन आला, "भाभीजी, दवनीवाडा के आगे गाडी नहीं आएगी," म्हणून हे मोटारसायकलवर जाऊन घेऊन आले. डबा उघडला तर आत निळ्या फितीची दोन वेटोळी, एक इवलासा अडकवायचा आकडा आणि ताणली जाणारी दोरी. ह्यांनी ती चिमटीत धरून उजेडात फिरवली.

"हे तं जोतं होय," म्हणाले. बैलाच्या गळ्याखालून घेऊन जुवाला बांधतात तो पट्टा म्हणजे जोतं. "पोपटाले जोतं! आता नांगर बी आन याले."

तेव्हापासून आमच्या घरी हार्नेस हा शब्द कोणी वापरला नाही. जोतंच.

प्राचीनं व्हिडिओ पाठवले होते. त्यातली गोरी बाई हातात पट्ट्याचं वेटोळं धरायची, पलीकडे दाणा दाखवायची आणि तिचा पोपट हसत हसत, म्हणजे पोपट हसत असेल तर तसं, आत डोकं घालून दाणा घ्यायचा. मी तिच्यावरही जळले. तिनं सांगितलेलं सगळं केलं. पट्टा आधी पिंजऱ्याजवळ नुसता ठेवला. मग हातात धरून बसले. मग त्यानं चोच लावली तर दाणा. किवीनं पट्ट्याला साप समजून पंख फुलवले, पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटला आणि ओरडून ओरडून शेजारच्या म्हशी जाग्या केल्या. वेटोळं जरा पुढे नेलं की माझं बोट सोलून काढायचा. जबरदस्ती करायची नाही, असं ती गोरी बाई सारखं बजावायची. एकदा धाकानं घातलं तर जन्मभर घालून घेणार नाही म्हणे. मी बोटाला हळद लावायची आणि पुन्हा बसायची. कोपऱ्यात बाई भाजी निवडत असायच्या. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहून हसू दाबलं नाही, याचाही मला राग यायचा.

गणपती झाले, नवरात्र आलं. लवकर येणारा हलका धान कापून झाला. किवी होता तिथंच होता.

एकदा जेवताना मी ह्यांच्यापुढे रडकुंडीला आले. ह्यांना पोपटातलं कळत नाही पण बैलातलं कळतं. घास चावत म्हणाले, "एकटा शिकत नसते वो. नवा गोऱ्हा एकटा जुवाखाली लावला तं बसून जाते. जुन्या बैलाच्या बाजूले लावा लागते. तो पाह्यते का ह्याले तं काही झालं नाही, याले मालक चारा देऊन राहिला, पाठ थोपटून राहिला. मंग त्याच्या पोटात दुखते. मंग तो आपुनच मान देते."

"मंग याले जुना बैल कोठून आनू?"

"वहिनीले लाव ना," असं म्हणून हे इतके हसले की ठसका लागला.

ते हसले, पण माझा घास हातात राहिला. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या विषयात मी पुस्तक लिहिलं असतं. दुपारी शिलाई मशीन काढली आणि जुन्या निळ्या साडीचे काठ उसवून तसलंच जोतं शिवलं, पण माणसाच्या मापाचं. एक वेटोळं डोक्यातून जाईल असं, एक काखेखालून. मग फटीतून पलीकडे गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. बोलता बोलता मलाच लाज वाटायला लागली. मोठ्या जावेला जोतं घालायला निघालेली बाई मी पहिलीच असेन.

बाईंनी जोतं हातात घेऊन शिवण पाहिली. "शिकला तं जाईन ना तो?" त्यांनी विचारलं.

"जाईल. प्राची नेणार म्हणते."

बाईंनी जोत्याची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "जाऊ दे. कोंडून कायले ठेवा त्याले. लाव."

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी आमच्या ओसरीवर तमाशा सुरू झाला. खाटेवर एका टोकाला किवी, दुसऱ्या टोकाला बाई, मधे मी. मी निळं वेटोळं धरायची, पलीकडे शेंगदाणा. बाई पदर सावरून मान पुढे करायच्या, वेटोळ्यातून डोकं घालायच्या आणि तोंड उघडायच्या. मी दाणा घालायची आणि मोठ्यानं म्हणायची, "खाय बाई. शाब्बास बाई!" जाळीपाशी शेजारच्या पोरी पदर तोंडात धरून उभ्या असायच्या. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. किवी मात्र पहिल्या संध्याकाळीच वेडा झाला. इकडून तिकडे पळाला, पाण्याची वाटी उलथी केली, खोकून दाखवलं. मी ढुंकून पाहिलं नाही. ह्यांनी बजावलं होतं, गोऱ्ह्याकडे पाह्यचं नाही, बैलाकडेच पाह्यचं.

म्हणून मी बाईंकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत इतक्या जवळून मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला, एका विहिरीवर पाणी भरलं, एका सासूच्या शिव्या खाल्ल्या, पण दोघींनी एकमेकींकडे कायम तिरकं पाहिलेलं. आता समोरासमोर. बाईंच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा गेलेल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. कच्चा दाणा त्यांना चावायचा नाही, पण त्या बोलायच्या नाहीत, नुसता गालात धरून ठेवायच्या. मग मी दाणे उकडायला लागले आणि उजव्या बाजूनं द्यायला लागले. "हळू खाय," असं म्हणायला लागले. वेटोळं त्यांच्या कानातल्या खड्यात अडकलं तर आधी सोडवायची. त्यांच्या मानेवर घामोळं होतं तिथं काठ टोचू नये म्हणून आतून मऊ कापड लावलं. हे सगळं पोपटासाठी चाललं होतं, म्हणजे मला तसंच वाटत होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात येत नव्हती. मी बाईंना जन्मभर 'तुमी' म्हणत आले. बाई, तुमी बसा. बाई, तुमी जेवल्या का. त्या खेळात पोपटाशी बोलल्यासारखं बोलायचं म्हणून 'खाय' आलं, 'पाह्य' आलं, 'ये' आलं. खेळ झाला की पुन्हा तुमी. बाईंनी त्यावर काही म्हटलं नाही आणि मला काही जाणवलं नाही.

मग एका संध्याकाळी किवी खाटेवरून चालत आला. उडाला नाही, चालत आला. पाटलासारखा डुलत. माझ्या गुडघ्यावर चढला, बाईंच्या नाकासमोरून मान लांब केली आणि त्यांच्यासाठी धरलेल्या त्या भल्यामोठ्या वेटोळ्यात आपलं लिंबाएवढं डोकं घातलं. आणि चोच उघडून थांबला.

मी दाणा दिला. "पाह्यलं?" मी ओरडले. "माह्याकडे आला!"

"माह्या जागेवर आला," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी कायले बसून राहिली तं पाह्याले आला."

"तुमच्यासाठी असता तं तुमच्या खांद्यावर गेला असता. माह्या गुडघ्यावर आला!"

"माह्या तोंडापुढं."

"शेंगदाण्यासाठी आला," आतून हे म्हणाले आणि आम्ही दोघींनी एकदमच आतल्या दाराकडे डोळे वटारले.

त्यानंतर छोट्या जोत्याला वेळ लागला नाही. आधी नुसतं डोकं, मग एक पंख, मग दुसरा, मग आकडा अडकवला तरी हा शांत. प्रत्येक वेळी आधी बाईंनी आपलं घालून दाखवायचं, मग ह्यानं घालायचं. क्रम चुकला तर रुसायचा. पण मोकळा सोडला की अजूनही सरळ बाईंच्या खांद्यावर. माझ्याकडे तो कामापुरता यायचा. शिकवते मी, आणि खांदा त्यांचा. मी रोज मनात म्हणायची, एकदा तरी आपणहून ये. दाण्याशिवाय ये. माझं काहीतरी घे, गाणं घे, शीळ घे, निदान शिंक तरी घे.

दिवाळीला प्राची आली. आल्या आल्या आधी फटीतून पलीकडे गेली, मोठाईच्या पाया पडली आणि मग माझ्या. मी तेही मनात टिपलं. किवीनं तिला पाहून पंख पसरले, जोतं घालून दाखवलं, तिनं मला मिठीच मारली. त्या मिठीत मला वाटलं की जिंकले. मग ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "मोठाई, तू पण घालून दाखव ना!" आणि बाईंनी खरोखर मान पुढे केली. ओसरीभर हसण्याचा पूर आला.

आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी आम्ही तिघी बांधीच्या वाटेनं निघालो. भारी धान अजून उभा होता, लोंब्या वाकलेल्या, धुऱ्यावर दव सुकत आलेलं. पुढे प्राची, मधे मी, मागे बाई. किवी माझ्या खांद्यावर, दोरी माझ्या मनगटाला. भेटेल तो थांबून पाहत होता. एका म्हातारबुवांनी तर हात जोडले. मी मान ताठ करून चालले होते. मंडईत मला पाहून बाया काय म्हणतील याची वाक्यं मी मनात रचत होते आणि सगळी वाक्यं चांगली होती.

तेवढ्यात बाजूच्या बांधीत डबा वाजला. "हुर्रऽऽ हाऽऽ!" धानातून पोपटांचा अख्खा थवा उठला, हिरवा, कलकलाट करत, आमच्या डोक्यावरून. त्या माणसानं काही आमच्या किवीला हाकललं नव्हतं. पण हाकारा सगळ्या पोपटांना होता आणि हा शेवटी पोपटच. तो माझ्या खांद्यावरून सुटला. मनगटाला असा हिसका बसला की बांगडी फुटली. दोरी सरसर ताणत गेली, थवा पुढे, हा मागे. दोरी संपली तशी हवेत एक गिरकी खाऊन तो मागे फिरला. मी हात वर केला. दोन्ही हात वर केले. किवी, ये, ये रे!

तो माझ्या डोक्यावरून गेला आणि बाईंच्या खांद्यावर बसला. छाती धपापत होती. चोच त्यांच्या कानामागे खुपसली.

माझे हात वरच राहिले. प्राचीला हसू येत होतं, ती दुसरीकडे बघायला लागली. मी तिथंच, भर वाटेत, मंडईच्या कपड्यांत जळत उभी राहिले. एवढं सगळं करून शेवटी तिकडेच! बाई माझ्याकडे आल्या. माझं मनगट हातात घेऊन काचेचा तुकडा कुठे रुतला का ते पाहिलं.

"दोरी तुह्या हातात होती म्हनून आला सुनंदा," म्हणाल्या. "नाही तं तो गेला होता."

मला ते पटलं नाही. मन राखायला बोलतात, असं वाटलं. मंडईत मी जिलेबी घेतली आणि बाईंना द्यायला विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही.

प्राची किवीला घेऊन गेली. ओसरीवरची जाळी आम्ही तशीच ठेवली, काढायचं कोणाच्या मनात येईना. बाईंचं यायचं मात्र कमी झालं. आता पोपट नाही, तर यायचं तरी कशाला. दिवेलागणीला मी ओसरीवर बसायची, पलीकडून खोकला यायचा, दोनदा कोरडा आणि मग घसा साफ केलेला. मी मान वळवायची. दरवेळी वाटायचं किवीच. मग आठवायचं की नाही, या खऱ्या बाई.

आणि आज. तांदूळ निवडून झाले होते. मंडईला पाहुणे येणार म्हणून शेंगा उकडून परातीत निवत ठेवल्या होत्या. यंदा प्राचीला रजा नाही, पण सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी हाक मारली तशा बाई भिंतीपाशी आल्या. मी अलीकडून, त्या पलीकडून, भिंतीवर फोन टेकवून ठेवला. प्राचीच्या खिडकीत किवी बसलेला, अंगानं जरा भरलेला.

"आई, ऐक हं. हल्ली हा बोलायला लागलाय. रोज हार्नेस घालताना बोलतो." तिनं निळा पट्टा समोर धरला.

किवीनं मान खाली घातली. डोकं वेटोळ्यातून बाहेर काढलं आणि म्हणाला, "खाय बाई. हळू खाय. शाब्बास बाई."

आवाज माझा होता. अगदी माझा. 'हळू'मधला हेल माझा, बाई म्हणताना खाली येणारा सूर माझा. त्यानं माझं काहीतरी नेलं होतं. खोकला नाही, माझं. मला फोनवर ओणवं होऊन त्याची पापी घ्यावीशी वाटली.

"आई, किती प्रेमानं शिकवलंस गं त्याला!" प्राची हसत होती. "स्वतःलाच बाई म्हणतो, वेडा."

मी बाईंकडे पाहिलं. आता त्यांच्याही डोळ्यांत काहीतरी असेल, पोपट शेवटी माझा निघाला हे त्यांना कळलं असेल, म्हणून पाहिलं. हो, तेवढ्यासाठीच पाहिलं. बाई फोनकडे बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, नाकाच्या बाजूला एक आठी. तो चेहरा मी त्यांच्यावर कधी पाहिला नव्हता, पण आरशात पुष्कळदा पाहिला होता.

फोन बंद झाला. बाई गेल्या नाहीत.

"त्याले नाही मनत होती तू," त्या म्हणाल्या. "मले मनत होती."

"हो बाई. तुमालेच."

"मंग तो काऊन घेऊन गेला?"

लहान मुलानं विचारावं तसं विचारलं त्यांनी. इतकी वर्षं भिंतीच्या पलीकडे सगळं जातं असं मी मानत आले आणि पलीकडे उभी असलेली ही बाई माझ्या दोन शब्दांसाठी एका पोपटावर जळत होती. मी परातीतली एक शेंग उचलली, सोलली, दाणा चिमटीत धरून भिंतीवरून हात पलीकडे नेला.

"घ्या बाई."

बाईंनी मान हलवली. "तसं नाही. तो मनते तसं मन."

अंगणात कोणी नव्हतं. तरी मी एकदा मागे वळून पाहिलं. मग हात त्यांच्या उजव्या गालाशी नेला.

"खाय बाई," मी म्हटलं. "हळू खाय."

बाईंनी मान पुढे केली आणि तोंड उघडलं.